ढकल आणि ओढ यांच्या मधले काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्थलांतराविषयीच्या बातम्या आणि लेख वाचताना भूगोलाचा शिक्षक या नात्याने दोन गोष्टी वारंवार खटकतात, म्हणून हे पत्र.

दुष्काळ, बेकारी, युद्ध माणसाला ढकलतात आणि रोजगार, शिक्षण, सुरक्षितता त्याला ओढतात, एवढे सांगितले की विषय संपला असे मानले जाते. अमेरिकन लोकसंख्यातज्ज्ञ एव्हरेट ली यांनी 1966 मध्ये ही मांडणी केली, तेव्हा मूळ ठिकाण आणि इच्छित ठिकाण यांच्या मधले अडथळे आणि व्यक्तीची स्वतःची परिस्थिती यांनाही त्यांनी स्वतंत्र स्थान दिले होते. चांगल्या शाळा लहान मुलांच्या पालकांना ओढतात, अविवाहिताला त्यांचे सोयरसुतक नसते आणि त्यांच्यापायी जादा कर भरणाऱ्या अपत्यहीन घरमालकाला त्या जाचक वाटतात, हे त्यांचेच उदाहरण. अंतर, प्रवासखर्च आणि कायदे हे अडथळे ओलांडण्याची ऐपत नसल्याने सर्वांत गरीब माणूस पुष्कळदा जागचा हलतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय स्थलांतरित सुमारे 28 कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या 3.6 टक्के होते. नुसत्या ढकलीने आणि ओढीने माणसे हलत असती, तर देशादेशांतली विषमता पाहता हा आकडा कितीतरी मोठा दिसला असता. बहुतेक जण जवळच्याच अंतरावर जातात आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हेनस्टाइन यांनी ब्रिटिश जनगणनेवरून 1885 मध्येच दाखवले होते. हा परतीचा प्रवाह निव्वळ स्थलांतराच्या आकड्यात हरवतो: दहा हजार आले आणि नऊ हजार गेले, तर हाती उरतात फक्त एक हजार.

दुसरी गोष्ट शब्दांची: देशातल्या देशात घर सोडावे लागलेल्यांनाही बातम्यांच्या शीर्षकांत ‘निर्वासित’ म्हटले जाते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होण्याच्या साधार भीतीने जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही किंवा त्या भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांविषयीच्या 1951 च्या करारानुसार निर्वासित. पुरामुळे घर सोडून आपल्याच देशात दुसरीकडे आसरा घेणारा विस्थापित ठरतो. त्याच्या रक्षणाची पहिली जबाबदारी त्याच्याच सरकारवर असते, आणि ‘निर्वासित’ म्हटल्याने नेमकी तीच नजरेआड होते. शीर्षकात जागा अपुरी असते हे मान्य. पण हे दोन्ही शब्द चार अक्षरांचेच आहेत.

आपला,
एक भूगोल शिक्षक