कॅमेरा कुठवर न्यायचा?

महोदय,

ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा वारसा व्हीआर (आभासी वास्तव) चष्म्यातून जगाला दिसतो, याचे कौतुक जरूर व्हावे. पण कॅमेरा कुठवर न्यायचा, हे ठरवणार कोण? २०१७ मध्ये उलुरू या तिथल्या पवित्र महाकाय खडकाचे ३६० अंशांतले चित्रण गूगलवर आले, ते त्याचे पारंपरिक मालक असलेल्या अनांगू आदिवासींचे नियम पाळून, पवित्र जागा वगळून. हा संयम मला तंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. (मृतांची छायाचित्रे दाखवणेही तिथल्या अनेक समाजांत वर्ज्य!)

धास्ती वेगळीच आहे. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकान घळीतला, ४६,००० वर्षांपूर्वीपासून मानवी वावर असलेला शैलाश्रय सुरुंगाने उडवला, तोही रीतसर सरकारी परवानगीने. उद्या एखादी कंपनी म्हणेल, ‘चित्रण झालंय ना, मग डोंगर कशाला हवा?’

– एक वाचक, पुणे