मावशी, त्या दिवशी तुम्ही मला उठवलं नाहीत

मावशी,

मोबाइलवरचं वाचायला तुम्हाला त्रास होतो, म्हणून नातीला मोठ्याने वाचायला सांगा. समोर बोलायला गेले की मला रडू येतं आणि तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणून झाडू उचलता. शेवटी लिहायला बसले.

२१ जूनला, योग दिनाचा मुहूर्त धरून, मी कचराळी तलावाजवळच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग लावला. वय ४३, दिवसभर वागळे इस्टेटमध्ये खुर्चीत बसून हिशेब. वाटलं होतं, आठवड्याभरात अंगात तरतरी येईल. झालं उलटंच. चौथ्या सूर्यनमस्काराला छाती धडधडायची. घरी येऊन डबे भरताना ओट्याला टेकून उभं राहावं लागायचं. एका रविवारी दुपारी आडवी झाले ती दिवेलागणीला उठले, तरी अंग शिणलेलंच.

मी गप्प बसले नव्हते. वर्गातल्या सरांना सांगितलं, तर म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडतेय, पंधरा दिवस सोसा. पंधरा दिवसांनी म्हणाले, तुमचं मन आसनात नाही. जवळच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवरची नजर न काढता ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या, नाडीसुद्धा पाहिली नाही. घरी म्हणाले, चाळिशी उलटली की असंच. मला सगळ्यांत जास्त हे लागतं की मी या साऱ्यांवर विश्वास ठेवला. महिनाभर स्वतःला आळशी समजत राहिले, आणि आळस घालवायचा म्हणून आणखी जोर लावून सूर्यनमस्कार घालत राहिले. राग अजून गेलेला नाही, आणि तो गेल्याचं खोटं मी लिहिणार नाही.

मग जुलैतला तो बुधवार. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. शवासन संपलं, सगळे उठले. छत्र्या उघडल्याचे आवाज, सरांची स्कूटर, सगळं मला ऐकू येत होतं, पण हात उचलवत नव्हता. मग तुमचा झाडू ऐकू आला. आता या "ताई, उठा, झाडायचंय" म्हणणार म्हणून मी जीव गोळा करत होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. खिडकीपासून झाडत आलात, माझ्या सतरंजीच्या कडेशी थांबलात आणि वळसा घालून पलीकडे गेलात. अख्खा हॉल झाडून झाला आणि मधे माझ्या सतरंजीएवढी जागा तशीच ठेवलीत. पंखा हळू केलात. बाकीच्या सतरंज्या गुंडाळल्यात, त्यातली एक माझ्या पायांखाली सरकवलीत, आणि दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलात.

मावशी, मी ते कसं विसरू? साडेसातला तुमची नौपाड्यातली भांडी असतात. मी डोळे उघडले तेव्हा घड्याळात आठ वाजायला आले होते.

मी उठून बसल्यावर तुम्ही खाली मान घालून विचारलंत, "ताई, पर्समधले कच्चे तांदूळ खाता ना? मी रोज बघते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात कुणालाही ते माहीत नव्हतं. चोरून खायचे, मुठी मुठी. तुम्ही मात्र जराही हसला नाहीत. "माझी सून पोटुशी असताना पाटीवरची पेन्सिल खायची. रक्तच नव्हतं तिच्या अंगात," म्हणालात. मग अंगठ्याने माझी खालची पापणी अलगद ओढून पाहिलीत. तुमच्या हाताला फिनेलचा वास होता. "पांढरंफटक आहे हो. आजच्या आज रक्त तपासा."

हिमोग्लोबिन ७.६ निघालं. बायकांना निदान १२ लागतं. अंगातला लोहाचा साठा तर संपल्यातच जमा होता. वर्षभर पाळीत खूप रक्त जात होतं आणि मी ते "वयाचं" म्हणून सोडून दिलं होतं. पुढच्या तपासण्यांचं इथे सांगत बसत नाही, त्यावर नीट इलाज चालू आहे. नव्या डॉक्टरीणबाईंनी तांदळाचं ऐकल्यावर मान हलवली. म्हणाल्या, लोह कमी झालं की माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, ज्यांनी हे ओळखलं त्यांना माझा नमस्कार सांगा. तो नमस्कार या पत्रातून पोचवते आहे.

त्यांनीच मला समजावलं की थकवा योगामुळे आलेला नव्हता. खुर्चीत बसलेल्या माणसाचं थोड्या रक्तावर भागतं. व्यायाम सुरू झाला की स्नायू जास्त प्राणवायू मागतात, तो वाहून न्यायला रक्तात हिमोग्लोबिन नसतं, मग हृदय धावत सुटतं. थकवा आधीपासून होता, सूर्यनमस्कारांनी तो उघडा पाडला. अंगात घाण असल्याचं ऐकत आलेल्या मला हे ऐकून केवढं हलकं वाटलं, काय सांगू.

आणि मी काही एकटी नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे आपल्या हॉलमध्ये सतरंज्यांवर आडव्या होणाऱ्या कितीजणी अशा असतील! त्यांना कोणी "मन लावा" म्हणण्याआधी एकदा पापणी ओढून बघावी, एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी पदवी लागत नाही, दुसऱ्याकडे पाहण्याची सवय लागते. ती तुमच्याकडे आहे, मावशी. कळव्याहून पहाटेची गाडी पकडून येता, चार ठिकाणी राबता, आणि तरी कोण काय खातंय, कोण भिंतीला धरून उठतंय, ते तुमच्या नजरेतून सुटत नाही. माणुसकी म्हणतात ती मी माझ्या सतरंजीच्या कडेशी पाहिली.

गोळ्या चालू आहेत. लिंबाच्या पाण्याबरोबर घेते आणि चहा त्यांच्यापासून दोन तास लांब ठेवते, हे सगळ्यांत जड जातंय. परवाच्या तपासणीत ११.२ आलं. तांदूळ आपोआप सुटले. घटस्थापनेला पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला आणि ओट्याला टेकावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलीय, सोमवारपासून परत येते आहे. खिडकीजवळची सतरंजी माझ्यासाठी ठेवा. आणि त्या बुधवारी नौपाड्यातल्या घरी उशिरा गेल्यावर तुम्ही काय काय ऐकून घेतलंत, ते तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी विचारणार आहे. झाडू हातात घेऊन पळायचं नाही.

तुमची,
खिडकीजवळची ताई