सिझर लिफ्टच्या सोलर चार्जिंग किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

वेर्णा, ११ मे

काल दुपारी तुमच्या सेवा केंद्राशी चौथ्यांदा बोलणं झालं. पाचवा फोन होणार नाही, म्हणून हे पत्र.

किट तुमचंच आहे, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. ३०० वॉटचं ६० सेलचं एक पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा), १० मीटर वायर आणि सिझर लिफ्टच्या, म्हणजे माणसांना उंचावर नेणाऱ्या कात्रीसारख्या उचलयंत्राच्या, प्लॅटफॉर्मच्या कठड्याला पॅनेल आवळायच्या पट्ट्या. लिफ्टमध्ये ६ व्होल्ट, २२५ अँपिअर-अवरच्या चार पाणी घालायच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, म्हणजे २४ व्होल्ट, १२ सेल. तुमच्याच माणसाने फेब्रुवारीत हे बसवलं. तेव्हापासून कंट्रोलरचा हिरवा दिवा रोज 'बॅटरी फुल' दाखवतो आणि लिफ्ट अर्ध्या पाळीत मान टाकते.

कालचा फोन जसा झाला तसा लिहितो, कारण तो तुमच्यापर्यंत पोचला असेल असं वाटत नाही. पहिला प्रश्न, "लिफ्ट उन्हात उभी असते ना?" हो. दुसरा, "पॅनेल पुसलं का?" रोज सकाळी. मग मी आकडे सांगायला घेतले: कंट्रोलर २७.० व्होल्टवर चार्जिंग थांबवतो, हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायचं उपकरण) बाराही सेल १.२१५ ते १.२३० च्या मध्ये, म्हणजे अर्धवट चार्ज आहेत. तिसऱ्या आकड्याला मला तोडून तुमचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमच्या गोव्यात सगळं सुशेगाद. दुपारी जेवून झोपायचं, मशीनकडे कोण बघणार? बॅटरीत पाणीच घातलं नसेल." मागे कोणीतरी हसलं. मग ११ मिनिटं होल्ड, आणि फोन कट.

हे आकडे सलग सहा दिवस, दुपारी साडेबारा ते अडीच, दर १५ मिनिटांनी घेतलेले आहेत. मे महिन्यात वेर्ण्याच्या पठारावर, उघड्यावर उभं राहून. डिस्टिल्ड वॉटर कधी, कोणत्या सेलमध्ये, किती घातलं याची वही आहे. झोपेचा विषय तुमच्या माणसाने काढला म्हणून हे सांगावं लागतंय. ज्याला २७ व्होल्टचा अर्थ कळत नाही त्याने गोव्याच्या दुपारबद्दल बोलू नये.

दोष कुठे आहे ते आम्हीच शोधून काढलं. तुमच्या कंट्रोलरचं सेटिंग २५ अंश तापमानाला २८.८ व्होल्ट आहे. तापमान वाढेल तसा तो दर सेलमागे दर अंशाला ५ मिलिव्होल्ट कमी करतो, १२ सेलना मिळून अंशाला ०.०६ व्होल्ट. तत्त्व बरोबर आहे, पण तापमान बॅटरीचं मोजायला हवं. तुमचा सेन्सर कंट्रोलरच्या आत आहे आणि कंट्रोलर चॅसीच्या बाहेरच्या अंगाला, उन्हात. दुपारी त्याची पेटी ५५ अंशांवर जाते, बॅटरी ३५ वर असते. ३५ ला २८.२ व्होल्ट मिळायला हवेत. ५५ समजून कंट्रोलर २७.० वर थांबतो. सेलमागे २.२५ व्होल्ट, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरायचा व्होल्टेज. पेटीवर पुठ्ठ्याची सावली धरली, ती ४३ अंशांवर उतरली आणि थांबायचा व्होल्टेज २७.७ झाला. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने जे कळलं ते तुमच्या चाचणीत कळलं नाही?

बॅटरीवर वेगळा सेन्सर लावूनही भागणार नाही, कारण पॅनेलच चुकीचं निवडलंय. लेबलवर कामाचा व्होल्टेज ३१.२ आहे, तो २५ अंशांच्या सेलला. इथे दुपारी पॅनेलचे सेल ६५ अंशांवर असतात. अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरली तर उरतात २६. बॅटरीला २८.२ द्यायचे, वर कंट्रोलरला स्वतःला एक व्होल्ट आणि वायरमधली घट, म्हणजे पॅनेलकडे मागणी तिसाच्या आसपास. हा कंट्रोलर व्होल्टेज उतरवतो, चढवत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात, जिथे अर्धवट चार्जमुळे प्लेटांवर साचलेलं सल्फेट सुटायचं, तिथेच करंट पडतो. ३१ व्होल्टचं इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल सारखे करायला मुद्दाम दिलेलं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग, तर या पॅनेलवर होणारच नाही. २४ व्होल्टच्या बॅटरीला ६० सेलचं एकटं पॅनेल पुरत नाही, ही या धंद्यातली पहिली गोष्ट आहे.

तुमच्या माहितीपत्रकात 'एका दिवसात पूर्ण चार्ज' छापलंय. ३०० वॉटला साडेपाच तास भर ऊन धरलं तर १.६५ युनिट, घट वजा जाता सव्वाच्या आसपास. ८० टक्के वापरलेल्या या बॅटरीला ४.३ युनिट लागतात. जून ते सप्टेंबरचं तर बोलायलाच नको.

आता सगळ्यात गंभीर. तुमच्या माणसाने सोलरच्या वायर बॅटरीच्या डिस्कनेक्ट प्लगच्या मशीनकडच्या बाजूला जोडल्या आहेत. दुपारी प्लग उपसला की बॅटरी सुटते, पण पॅनेल आणि कंट्रोलर मशीनला जोडलेलेच राहतात. दुरुस्ती करणारा मशीन मेलेलं समजून हात घालतो आणि कंट्रोल कार्डात वीज असते. शिवाय बॅटरीचा आधार नसल्यामुळे व्होल्टेज स्थिर राहत नाही. 'आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. सोडवताना उलट' हे तुमच्याच पुस्तिकेत आहे. तुमच्या जोडणीत प्रत्येक वेळी प्लग काढणं म्हणजे हा नियम मोडणं. पॉझिटिव्हवर फ्यूजही नाही. ही जोडणी लक्षात आली त्याच दिवशी आम्ही सोडवली.

कठड्यावरचं पॅनेलही उतरवलंय. १.६५ चौरस मीटरचा तो पत्रा लिफ्टच्या मंजूर १२.५ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात १९ किलोच्या आसपास आडवा जोर देतो, आणि तो आठ मीटर उंचीवर. लिफ्टच्या उत्पादकाची लेखी परवानगी तुम्ही घेतली होती का? चारदा विचारलं, उत्तर नाही.

मेन्सच्या चार्जरवर रात्रभर चार्ज आणि इक्वलायझेशन केल्यावर दहा सेल १.२६५ वर आले. तिसऱ्या बॅटरीतले दोन १.२४० च्या वर जात नाहीत. बॅटरीतलं पाणी नव्हे, तुमचा उन्हात ठेवलेला सेन्सर याला कारण आहे. पुन्हा सांगतो, सेन्सर.

आम्हाला हे हवंय: शेडच्या छपरावर पक्की बसवलेली ३०० वॉटची दोन पॅनेलं सिरीजमध्ये, १०० व्होल्ट इनपुटचा ३० अँपिअर कंट्रोलर, बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला सेन्सर, ६ चौरस मिलिमीटरची वायर, थेट बॅटरीच्या पोस्टवर जोडणी, पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा डीसी फ्यूज. त्यातून २२ अँपिअरच्या आसपास मिळतात, २२५ च्या बॅटरीला तेवढे योग्य आहेत. सोबत तिसरी बॅटरी बदलून. हे जमत नसेल तर किट उचला आणि पूर्ण पैसे परत करा.

पाऊस लागायच्या आत शेडचे पन्हळ आणि पत्रे याच लिफ्टवरून करायचे आहेत, म्हणून मुदत ३१ मे. त्यानंतर १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ खाली (माल सांगितलेल्या कामाला योग्य असण्याची अट) वकिलाची नोटीस येईल. किट कशासाठी हवं ते खरेदीच्या ऑर्डरवर लिफ्टच्या मॉडेलसकट लिहिलेलं आहे. तुमचं नाव ऐकूनच दुसऱ्या दोन शेडसाठीही हेच किट घ्यायचं ठरलं होतं. ती ऑर्डर आज रद्द केली.

माणूस पाठवाल तर हायड्रोमीटर वाचता येणारा पाठवा. दुपारी साडेबाराला या, आम्ही लिफ्टपाशीच असतो.

देखभाल विभाग
सोबत: सहा दिवसांच्या नोंदी, पाण्याच्या वहीची प्रत, जोडणीचे फोटो