हात न टेकवता उठले गं

बाळा,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून टाईप करतेय, रात्री सावकाश वाच.

तू घरी ट्रेनर लावून दिलीस तेव्हा मी किती बडबडले होते आठवतंय ना, सदुसष्टाव्या वर्षी मला काय कुस्ती खेळायचीय का, तेवढ्या पैशात महिन्याची भाजी येते वगैरे वगैरे. आता एक कबूल करते, चिडू नकोस. तुला मी फक्त गुडघे दुखतात एवढंच सांगायचे, पण खरं म्हणजे मी हळूहळू एकेक गोष्ट सोडतच चालले होते. वरच्या फळीवरचे डबे खाली घेतले, पूजेला पाट काढून स्टूल घेतलं, एसटीची ती पहिली उंच पायरी चढवेना म्हणून कोरेगावला मावशीकडे जायचं बंद केलं आणि तिला सांगितलं ऊन सोसत नाही. सज्जनगडला सगळे वर गेले तेव्हा मी खाली गाडीत बसले होते ना, डोकं वगैरे काही दुखत नव्हतं माझं. आणि संक्रांतीला हळदीकुंकवात सतरंजीवर बसले ते उठताच येईना, दोघींनी बगलेत हात घालून उठवलं, सगळ्या हसल्या, मीपण हसले, घरी येऊन मात्र रडले. आधी एका डॉक्टरांना दाखवलं होतं तर ते म्हणाले वय झालं आता, जिना टाळा, खाली बसू नका. अगं तेच तर करत होते, आणि त्यानेच पाय आणखी गेले!

ही पोरगी आली ती डंबेल बिंबेल काही न घेता. आपल्या जेवणाच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी बांधायला लावले आणि म्हणाली काकू, 30 सेकंदात किती वेळा उठबस होते बघू. 7 झाल्या. माझ्या वयाच्या बाईला 11 तरी जमायला हव्यात म्हणे. मला जाम राग आला, आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले आणि आता मीच नापास.

मग रोज तेच. आधी पलंगावरून उठायचं कारण तो उंच, मग खुर्ची, मग स्टूल, मग पाटावर दोन उश्या, मग एकच उशी, असं करत करत जमिनीवर. आणि खरी मेहनत उठण्यात नाही, बसण्यात आहे गं, चार आकडे मोजत हळूहळू खाली जायचं, धपकन बसायचं नाही. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अश्शा भरून यायच्या की बाबांना हाक मारायचे. बीपीची गोळी चालू आहे म्हणून श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने मोजायचं असं तिचं म्हणणं, तर मी एकोणतीसचा पाढा म्हणते. ती हसते, तिला एकोणतीसचा येत नाही.

दोन्ही हातात पाच-पाच किलो ज्वारीच्या पिशव्या घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या हाही व्यायामच आहे म्हणे. मी म्हणलं अगं लहानपणी विहिरीवरून कळशी आणायचे ती काय होती मग? तर तिनी विचारलं कुठल्या कमरेवर. कायम डाव्याच! आता एकाच हातात पिशवी घेऊन चालायला लावते, दर फेरीला हात बदलून. तुझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले, तिथे राजेसाहेब सगळ्या पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घ्यायचे, आजोबा म्हातारपणीपण घालायचे. आम्हा बायकांना नमस्कार कुणी सांगितले नाहीत, जातं होतं ना. मग पिठाची गिरणी आली आणि जातं अंगणात कुंडीखाली गेलं.

दूध तापेपर्यंत ओट्याशी एका पायावर उभी राहते, बोटं ओट्याजवळच ठेवून. वजनाचे व्यायाम आठवड्यातून 2 दिवस, तोल सांभाळायचे 3 दिवस. खाण्याचं पण लिहून घेतलं तिनी, सकाळी चहा-खारी, दुपारी भाजी-भाकरी, रात्री भात-आमटी. माझ्या 58 किलोला रोज 48 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि मी त्याच्या आसपास पण नव्हते. आता रोज एक उसळ, एक वाटी दही, आणि अंडं, हो अंडं, बाबांना सांगितलंय देवघराकडे तोंड करून उकडू नका.

तू धाकट्याला पाळण्यातून उचलतेस तेव्हा तुझी कंबर धरते ना? झाडूचा दांडा पाठीला लाव, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्हीला टेकला पाहिजे, आणि तसाच टेकलेला ठेवून ढुंगण मागे ढकलत वाक, जसं हातात सामान असताना मागचं दार ढकलतो तसं. व्हिडिओ कॉलवर दाखवते, हसू नकोस.

काल खुर्चीवरून 30 सेकंदात 12 झाल्या. बाबांनी मोबाईलवर वेळ लावली होती, ते म्हणतात शेवटची अर्धीच होती, मी धरलीये. आणि मंगळवारी शेजारी सत्यनारायण होता, कथा संपेपर्यंत खाली बसले, आरतीला एकटी उठले, कुणाचं लक्ष पण नव्हतं.

पुढच्या महिन्यापासून तिचे पैसे मी पेन्शनमधून देणारे, तू पाठवू नकोस. आणि दिवाळीला येशील तेव्हा माळ्यावर चढू नकोस, चकलीचा सोऱ्या मी काढून ठेवते.

आई