बहुमत आहे म्हणून काहीही?
संपादक महोदय,
परवा घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा घेताना एक काका म्हणाले, बहुमत मिळालंय ना मग सरकारला हवं ते करू द्या की, कोर्ट कशाला मध्ये पडतं. अहो, कमिटीने बायलॉजबाहेर दोनशे रुपये जास्त लावले की हेच काका आधी भांडतात! १९७३ ला केशवानंद भारती केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या १३ जजनी ७ विरुद्ध ६ असं ठरवलं की संसद घटना बदलू शकते पण तिचा मूळ गाभा नाही, म्हणजे एका मतावर वाचलो. आणि घटनेत हक्क नुसते लिहून भागत नाही, ते स्थगितही होऊ शकतात हे आणीबाणीत दिसलंच, म्हणून तर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीत कलम २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं स्पष्ट लिहावं लागलं.
– एक वाचक, ठाणे (प.)