पोर्क रोस्टच्या पाककृतीत तापमानही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की पुरवण्यांमधून पोर्क रोस्टची पाककृती हमखास येते. आम्हा मरोळच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांत हे सणाचं जेवण, त्यामुळे मी ती आवर्जून वाचते. पण ‘ओव्हनमध्ये एक तास भाजा’ यापुढे त्यात काही नसतं. तुकडा एक किलोचा की अडीच किलोचा, हाडासकट की बिनहाडाचा, खांद्याचा की पाठीचा, याचा पत्ताच नाही. मग नव्याने करणारी सून बाहेरून खरपूस दिसला म्हणून रोस्ट काढते आणि कापल्यावर हाडाजवळ कच्चा निघतो.

यावर उपाय साधा आहे. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा, हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागाच्या मध्यावर टोचावा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यासाठीचं आतलं तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणलं, वर तीन मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं. आपल्या बाजारात जनावर कुठे वाढलं हे दर वेळी कळत नाही, म्हणून मी ७१ च्या खाली येत नाही. पाठीचा तुकडा तेवढ्यावर काढते, नाहीतर कोरडा पडतो. खांदा मात्र ८५ ते ९० पर्यंत जाऊ देते. त्यातले चिवट पडदे तेव्हाच विरघळतात आणि मांस सुरीशिवाय सुटतं.

लोक घाबरतात ते मेंदूत जाणाऱ्या किड्याला. ती भीती खरी आहे, पण बोट चुकीच्या ताटाकडे दाखवलं जातं. कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी (टेपवर्म) होतो. मेंदूत गाठी होऊन फिट येते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून घाण पाण्यात, न धुतलेल्या पालेभाजीवर, हातांवर येतात. जन्मात डुकराचं मटण न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. तेव्हा मटण नीट शिजवा, कोथिंबीर-सॅलड वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि मटणात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर ते घेऊच नका.

आता चवीचं. रोझमेरी-थाइम या विलायती सुगंधी पानांसाठी अडून बसू नये. कुंडीतला पानओवा, लसूण, जाडसर कुटलेली मिरी आणि लिंबू चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी सुंदर लागतं. पानं मात्र तुकड्याच्या खाली घालावीत, वर राहिली की जळून कडू होतात. भाज्या सुरुवातीलाच टाकल्या तर त्यांचा लगदा होतो. १८० अंशांवर भाजताना शेवटच्या पाऊण तासात बटाटे, गाजर, अख्खे छोटे कांदे चरबीत घोळवून टाकावेत. माझ्या सासूबाई ओव्हनशिवाय जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर करायच्या. त्या बटाट्यांची खालची तांबूस खरपुडी कोणाच्या वाट्याला येणार यावरून मुलांची भांडणं व्हायची. ही पातेल्यातली रीतही एकदा छापा, मुंबईतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओव्हन नाही.

यंदाच्या नाताळ पुरवणीत पाककृती देताना तुकड्याचं वजन, तो कुठल्या भागाचा आणि आतलं तापमान, एवढं कृपया द्यावं.

आपली,
एक वाचक, मरोळ, अंधेरी (पूर्व)