देवघरात ठेवलेली नोटीस: बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, बेळगाव
यांस सविनय नमस्कार.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मिशनच्या कामासाठी माझी नुकतीच नेमणूक झाली आहे. मृगाच्या पावसात मी येथे पोहोचलो. प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, मुलांची संध्याकाळची शिकवणी असे काम मनात योजून आलो होतो. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यापासून माझ्या दाराशी लोक येत आहेत ते हातात कागद घेऊन. चंदगडकडच्या मराठी घरात वाढलो असलो तरी शिक्षण धारवाडला झाल्यामुळे मला कन्नड वाचता येते, ही बातमी माझ्या सामानाआधीच गावात पोहोचली असावी.

चौथ्या दिवशी एक आजी आल्या. ओढ्याला पाणी असल्याने लांबच्या वाटेने, दोन तास चालत. लुगड्याच्या ओच्यातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "फादर, एवढं वाचून सांगा की." घडीच्या रेषांवर हळदीकुंकू लागले होते. सरकारी शिक्का पाहून त्यांनी तो कागद देवघरात विठोबाच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता. ती एका सरकारी कार्यालयाची कन्नड नोटीस होती: संध्या सुरक्षा योजनेच्या पेन्शनसाठी बँक खाते आधारला जोडून घ्यावे, अन्यथा रक्कम थांबवली जाईल. मुदत संपून तीन महिने झाले होते आणि पेन्शनही तेव्हापासूनच बंद होती. मी वाचत असताना आजी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मुदतीची तारीख सांगताना माझाच आवाज खाली गेला.

कन्नडविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. 1963 च्या कायद्याने ती या राज्याची राजभाषा आहे आणि माझ्याही शिक्षणाची ती भाषा आहे. परंतु ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 ते 20 टक्के आहे, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे 1961 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. येथील कित्येक गावांत तर घरोघरी मराठीच बोलली जाते. सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. पेन्शनची मुदत मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की, पेन्शन, रेशन, जमिनीचा उतारा आणि वनहद्दीसंबंधीच्या ज्या नोटिसा या गावांत पाठवल्या जातात, त्यांच्या कन्नड मजकुराखाली मराठी मजकूर छापावा. तेवढे लगेच जमणार नसेल, तर निदान मुदतीची तारीख आणि काय करायचे आहे, या दोन ओळी मराठीत द्याव्यात, आणि पंचायतीत आठवड्यातून एक दिवस कागद वाचून समजावणारा माणूस बसवावा. हे काम मी आनंदाने करतो आहे, पुढेही करीन. पण मिशनच्या माणसाची दुसरीकडे बदली होते, आणि पावसाळ्यात दोन तास चालून येणे प्रत्येकाला झेपत नाही. जे आलेच नाहीत त्यांच्या घरी कोणता कागद पडून आहे, याची चिंता मला अधिक वाटते.

आजींचा अर्ज आपल्या कार्यालयात वेगळा दिला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, म्हणून तो मराठीत लिहिला आहे आणि त्यावर आजींचा अंगठा आहे. त्याचे उत्तरही कृपया मराठीत द्यावे. त्यांची नात मराठी शाळेत चौथीत शिकते. ती ते वाचून दाखवील.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यात नव्याने आलेला एक मिशनरी